गादी, खुर्ची आणि आमचा सोपा

मराठी माणसे पूर्वी गादीसाठी भांडत आणि आता खुर्चीसाठी भांडतात. भांडणाची जात तीच आहे. बदलली ती बैठक. साताऱ्याची गादी आणि कोल्हापूरची गादी यांचा वाद वारणेच्या तहाने १७३१ मध्ये मिटवावा लागला. त्या काळी राज्य म्हटले की कापूस भरलेली, जमिनीवर अंथरलेली गादीच डोळ्यांपुढे येई. मागे लोड, बाजूला तक्के, खाली जाजम. आज निवडणुकीच्या बातमीत गादीचे नाव कोणी काढीत नाही. तिथे सगळा जीव खुर्चीत अडकलेला. शब्द बदलतो तेव्हा घरातही काहीतरी बदललेले असते. हे कसे आणि केव्हा घडले, आणि त्यात कोण वर चढले व कोण खालीच राहिले, हा इतिहास तख्तांच्या आणि तहांच्या इतिहासाइतकाच वाचनीय आहे.

खुर्ची हा शब्द अरबी 'कुर्सी'वरून आपल्याकडे आला. अलमारी, चावी, बिजागरी हे शब्द पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर उतरवले. टेबल इंग्रजांचे. घरातल्या लाकडी सामानाची यादी मांडून बसलो, तर निम्मा संसार परभाषेतून आलेला दिसतो. आपले म्हणावे असे काय उरते? पाट, चौरंग, बाज, माचा, फळी आणि खुंटी. ही नावे अस्सल, आणि त्यांतल्या बैठकीच्या वस्तू बहुतेक सगळ्या जमिनीच्या जवळच्या.

याचा अर्थ उंच बसणे आपल्या लोकांना ठाऊकच नव्हते, असा मात्र नव्हे. ऐतरेय ब्राह्मणात राज्याभिषेकाच्या विधीत उंबराच्या लाकडाची आसंदी सांगितली आहे. वेरूळचे दहावे लेणे पाहा. लोक त्याला 'सुताराची झोपडी' म्हणतात, कारण छताचा दगड असा कोरला आहे की लाकडी फासळ्याच वाटाव्यात. त्या छताखाली बसलेला बुद्ध मांडी घालून बसलेला नाही. पाय खाली सोडून, खुर्चीवर बसावे तसा तो बसला आहे. रायगडावर १६७४ मध्ये शिवछत्रपतींना अभिषेक झाला, त्या वेळचे सिंहासन बत्तीस मण सोन्याचे होते असे सभासद लिहितो. म्हणजे उंच आसन होते. पण ते देवाचे आणि राजाचे. बाकीच्या प्रजेने, मग तो कारभारी असो की कुणबी, जमिनीवरच बसायचे. फरक एवढाच की कारभाऱ्याच्या खाली गालिचा आणि कुणब्याच्या खाली माती.

पेशवाईच्या पुण्यात साहेब आला तेव्हा त्यालाही खालीच बसावे लागले. चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील १७८६ पासून पुण्यात होता. टिपूविरुद्ध १७९० मध्ये तह झाला, त्या प्रसंगाचे मोठे चित्र पुढे थॉमस डॅनियल या चित्रकाराने रंगवले. सोळा वर्षांचे सवाई माधवराव गादीवर आहेत, भोवती दरबार आहे, आणि तंग कपड्यांतले इंग्रज अधिकारीही बैठकीवर बसले आहेत. १८०३ मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया नावाचा प्रवासी दुसऱ्या बाजीरावाच्या भेटीला आला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात तक्रारच लिहून ठेवली आहे, की बसायला ना खुर्ची ना उशी, आणि पायही पसरता येईनात, कारण तळवा दाखवणे हा अपमान. बिचाऱ्याच्या गुडघ्यांची कल्पना करावी! पंधरा वर्षांत पेशवाई बुडाली, आणि गुडघे दुखण्याची पाळी आपल्या सरदारांवर आली नाही तरी बूट काढायचे की नाही, खुर्ची मिळणार की नाही, कितव्या रांगेत मिळणार, या चिंतेने त्यांची झोप उडाली. इंग्रजांनी दख्खनच्या सरदारांचे पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग पाडले होते. दरबारातली खुर्ची ही आता मानाची मोजपट्टी झाली. उत्तरेकडे तर खुर्चीवर बसण्याचा मान मिळालेल्याला 'कुर्सीनशीन' असा किताबच लावता येई.

मग ही खुर्ची दरबारातून घरात आली ती दोन वाटांनी. एक वाट मुंबईच्या सुतारांची. शिसवीच्या काळ्या लाकडावर वेलबुट्टी कोरलेले मुंबईचे सामान एकोणिसाव्या शतकात साहेबांच्या बंगल्यांत आणि पारशी शेठियांच्या दिवाणखान्यांत भरले होते. ब्रह्मदेशचे सागवान मुंबईच्या बंदरात उतरू लागल्यावर साधे, टिकाऊ सामानही होऊ लागले. दुसरी वाट परदेशच्या कारखान्यांची. मायकेल थोनेट नावाच्या कारागिराने लाकूड वाफेवर मऊ करून वाकवण्याची युक्ती व्हिएन्नात पक्की केली आणि १८५९ मध्ये 'चौदा नंबर' म्हणून प्रसिद्ध झालेली खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढीच तिची सामग्री. घनमीटरभर खोक्यात छत्तीस खुर्च्या सुट्या करून भरता येत. अशा वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मुंबई-पुण्याच्या इराण्यांच्या हॉटेलांत आल्या, आणि ज्याच्या घरी खुर्ची नव्हती अशा गिरणी कामगारालाही एका चहाच्या किमतीत टेबलखुर्चीचा मान मिळाला. इराण्याने आपल्या समाजावर केलेल्या उपकारांत हा उपकार मी बनमस्क्याच्या आधी मांडीन.

चहा आणि टेबल यांवरून आठवण झाली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मंडळींनी चहा घेतला, त्यांत टिळक आणि रानडेही होते, आणि पुढे प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. वादाचे मूळ मिशनच्या घरच्या चहात होते हे खरे. पण जुन्या माणसांच्या मनात टेबलावरचे खाणे आणि बाटणे ही जोडी त्यानंतर कितीतरी वर्षे टिकून होती. पाटावर बसून खाल्ले की ते जेवण, टेबलावर खाल्ले की तो अनाचार!

आता आमच्या भागाकडे येतो. खुटबाव हे पुणे-दौंड मार्गावरचे छोटे स्टेशन. अलीकडे यवत, पलीकडे केडगाव. जी. आय. पी. रेल्वे पुण्याला १८५८ मध्ये पोचली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती दिक्सळपर्यंत गेली. म्हणजे बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा होण्याआधीच आमच्या शिवारातून आगगाडी धावत होती. मुंबईहून येणारा उतारू घाटात उतरून पालखीने किंवा चालत वर येई आणि पुन्हा गाडीत बसे. १८७८ मध्ये दौंडहून मनमाडला फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झाले. जंक्शन झाले म्हणजे गाडी बदलणे आले, गाडी बदलणे आले म्हणजे तासन्‌तास वाट पाहणे आले, आणि वाट पाहायला वरच्या वर्गासाठी प्रतीक्षालय आले. त्या प्रतीक्षालयांतून एक खास जातीची आरामखुर्ची असे. सागवानी सांगाडा, पाठ आणि बैठक वेताने विणलेली, हात चांगले लांब, आणि त्या हातांखालून फिरवून पुढे काढता येतील अशा दोन लांब फळ्या. त्या फळ्या पुढे ओढायच्या आणि त्यांवर पाय टाकायचे. चहाकॉफीच्या मळ्यांवरचे साहेब घोड्यावरून आले की असे पाय टाकून बसत आणि नोकर त्यांचे बूट ओढून काढी, असे सांगतात.

ही खुर्ची मी इतक्या खुलासेवार सांगतो, कारण तसली एक आमच्या घरात आहे. दौंडला जुने सामान विकणाऱ्या एकाकडे ती भंगाराच्या ढिगात उताणी पडली होती. वेत फाटलेला, एका फळीची खुंटी तुटलेली. पण मागच्या पट्टीवर 'जी. आय. पी.' ही इंग्रजी अक्षरे खोल ठोकलेली. रेल्वेच्या लिलावात आलेली, असे तो म्हणाला. अक्षरांवरून काळ थोडाफार बांधता येतो. १९२५ मध्ये सरकारने ही कंपनी आपल्या ताब्यात घेतली, तरी नाव चालूच राहिले. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली तेव्हा ते गेले. म्हणजे खुर्ची सत्तरीच्या पलीकडची नक्कीच. भाव ठरवताना मी अक्षरांकडे पाहिलेसुद्धा नाही. जुन्या बाजारात डोळा कोठे ठेवायचा नाही हे कळले पाहिजे.

खुर्ची टेम्पोतून घरी आली आणि दारात अडली. आमचा सोपा (देशावर पुढच्या खोलीला हेच नाव, सोफ्याशी त्याचा संबंध नाही, आणि सोफा मावेल इतकी जागाही नाही) दहा फूट लांब, अकरा फूट रुंद. दार अडीच फुटांचे, जुने, वाकून आत यावे असे. सुताराने खुर्ची आडवी केली, उभी केली, शेवटी दोन्ही हात सोडवून आत घेतली. खिळा एकही नव्हता. सगळे जोड खाचेत लाकूड बसवून केलेले, आणि ते सोडवताना म्हातारा स्वतःशीच म्हणाला, "ह्यानं घाई केल्याली न्हाई." कोण्या अनाम कारागिराला दुसऱ्या कारागिराने दिलेली ही पावती मला फार मोठी वाटली.

पण खरी गोष्ट यापुढे सुरू झाली. सोप्यात आधीच बाज होती, दोन ट्रंका एकावर एक होत्या व त्यांवर चादर टाकून बैठक केली होती, शिलाईचे यंत्र होते, भिंतीतले फडताळ पुस्तकांनी भरले होते, आणि या सगळ्यांचा मालक असलेला टीव्ही एका फळीवर होता. मालक म्हणतो ते थट्टेने नव्हे. पूर्वी घरातल्या माणसांची तोंडे एकमेकांकडे असत. आता बैठकीची मांडणी तो ठरवतो आणि सगळी माणसे एका भिंतीकडे तोंड करून बसतात. आमच्या आरामखुर्चीला मात्र हे पटेना. टीव्हीसमोर ठेवली तर फळ्या पुढे काढताच त्या थेट उंबऱ्यावर येत. येणाऱ्याने पाय ओलांडून यावे लागे. कोपऱ्यात ठेवली तर फडताळाचे दार उघडेना. अखेर खिडकीखाली, खिडकीकडे पाठ करून ठेवली, तेव्हा वाचायला मागून उजेड मिळाला आणि खुर्चीचा जीव शांत झाला. त्यासाठी बाज अंगणात गेली, ट्रंका माजघरात गेल्या, आणि यंत्र दाराजवळ आले, जिथे खरे म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना ते दहा वर्षांपासून हवे होते.

वस्तू घरात आणायची आणि मग तिच्यासाठी घर हलवायचे, हा नाद काही नवा नाही. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी याच नादात सारे आयुष्य घातले. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारा हा माणूस खेडोपाडी हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, कोरीव दारे गोळा करीत असे. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. संग्रहाला त्याचे नाव दिले. वीस हजारांवर वस्तू झालेला तो संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे लाकूडकामही त्यांनी आणून तिथे पुन्हा उभे केले आहे. मी शाळेच्या सहलीबरोबर तिथे गेलो की त्या महालात जास्त वेळ थांबतो. इतर वस्तू आपापल्या घरांतून तुटून आल्या आहेत, काचेमागे एकेकट्या बसल्या आहेत. या खांबांना मात्र त्यांची खोली बरोबर आणता आली.

आमच्या खुर्चीचा वेत विणून आला. अशा विणीत आधी उभे, मग आडवे आणि शेवटी तिरपे वेत जातात, आणि मधे मधमाशीच्या पोळ्यासारखी भोके उरतात. वारा त्यांतून खेळतो. आपल्या उन्हाळ्यासाठी गादीपेक्षा ही बैठक शहाणी. अंधांच्या शाळांतून हा उद्योग शिकवला जात असे, कारण बोटांना भोके मोजता आली की डोळ्यांचे काम राहत नाही. किती वरिष्ठ अंमलदार अशा न पाहिलेल्या हातांच्या विणीवर बसून गेले असतील!

खुर्ची तयार झाली आणि तिच्यावर कोणी बसेना.

बाज गेल्यामुळे बाकीच्यांसाठी सतरंजी अंथरली होती. तेव्हा खुर्चीत बसणारा एकटा उंच आणि बाकी सगळे खाली, असा लहानसा दरबारच भरू लागला. आमच्या आळीपलीकडचे एक वयोवृद्ध गृहस्थ नातवाच्या दाखल्यासाठी आले. मी म्हटले, "बसा की बाबा खुर्चीवर." ते उंबऱ्यालगत टेकले. "असू द्या गुरुजी, हितंच बरं हाय." त्यांचे वय ऐंशीच्या घरात, माझे चाळिशीत. त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसताना भिंत धरावी लागली. तरी खुर्ची नको. त्यांच्या वडिलांच्या काळी या गावांत काही माणसांनी दुसऱ्याच्या दारात बाजेवर बसायचे नसे. पाटील समोरून आला तर स्वतःच्या दारातल्या बाजेवरूनही उठायचे. कायदा बदलला, राज्यघटना आली, पण गुडघ्यांना ती जुनी शिस्त अजून पाठ आहे. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना वर्गात बसायला घरून गोणपाट नेत, आणि ते गोणपाट शाळेचा झाडूवालाही हाताळीत नसे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मी शिक्षक आहे. वर्गातली एकुलती एक खुर्ची रोज माझ्या वाट्याला येते. म्हणून ही हकीकत मला नुसती इतिहासातली वाटत नाही. त्या दिवशी मीही सतरंजीवर बसलो आणि दाखल्याचा अर्ज मांडीवर घेऊन लिहिला. पुढच्या खेपेला ते पुन्हा आले, तेव्हा मी काही न बोलता आधीच खाली बसलेला होतो आणि त्यांच्या नातवाने "आज्जा, बस ना वर" म्हणून त्यांचा हात धरला. ते बसले. कडेवर, पाठ न टेकता, पण बसले.

माझे आजोबा दौंडच्या बाजाराला तिसऱ्या वर्गाने जात. परतीची गाडी चुकली की फलाटावर घोंगडी अंथरून रात्र काढीत. तिसऱ्या वर्गाच्या हालांवर गांधीजींनी १९१७ मध्ये पुस्तिका लिहिली. तो वर्ग प्रत्यक्ष बंद झाला १९७४ मध्ये. आजोबांना आरामखुर्चीचे प्रतीक्षालय दारातून दिसत असणार. आत जाण्याचे तिकीट त्यांच्याजवळ कधीच नव्हते.

दुसरा प्रश्न आईचा. तिचे पाय दुखतात, तिला जमिनीवरून उठवत नाही, आणि ही खुर्ची तिच्यासाठीच केल्यासारखी आहे. पण ती म्हणे, "मला नगं बाबा. पाय वर टाकून बसायचं म्हंजी गड्यामाणसाचं काम. चारचौघांत शोभतं का?" तिच्या सासऱ्यांसमोर ती कधी पाटावरही बसली नव्हती. आपल्या बायकांना उंच बसण्याची चोरी किती जुनी आहे ते जुन्या छायाचित्रांत पाहावे. नवरा खुर्चीत, बायको त्याच्या खांद्यामागे उभी. किंवा छायाचित्रकाराने आग्रहाने तिला बसवलेले आणि तिचा चेहरा असा की केव्हा एकदा उठते. रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत, नवऱ्याच्या इच्छेने शिकल्याबद्दल घरातल्याच बायकांनी त्यांना किती टोचले ते सांगितले आहे. पुस्तक उघडायला जिथे एवढे भोगावे लागले, तिथे खुर्ची तर दूरच. आमच्या शेजारच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुक्ती सदन उभे केले, दुष्काळात टाकलेल्या मुलीबायका तिथे आणल्या, आणि त्यांना छापखाना चालवायला शिकवले. त्यांच्या धर्मांतराविषयी गावोगाव आजही दोन मते ऐकू येतात. पण खिळे जुळवीत यंत्रापाशी उभ्या असलेल्या त्या बायका खाली मान घालून कोपऱ्यात बसलेल्या नव्हत्या, एवढे कोणालाही मान्य करावे लागेल.

आईचा तिढा आमच्या सौभाग्यवतींनी सोडवला. तिने सुताराला बोलावून पाय टाकायच्या फळ्या काढवल्या, जपून बांधून माळ्यावर ठेवल्या, आणि खुर्चीपुढे जुना चौरंग सरकवला. "आता ही आरामखुर्ची नव्हे, आई. नुसती खुर्ची. आणि चौरंग तर आपलाच." वस्तूची जात इतक्या सहज बदलता येते, हे मला इतिहासाची एवढी पुस्तके वाचून सुचले नव्हते. जुन्या वस्तूंचे जाणकार म्हणतील की मूळ सामानाची मोडतोड झाली. म्हणोत. फळ्या माळ्यावर आहेत. आई आता दुपारी त्या खुर्चीत निवडण-टिपण करते, आणि दार वाजले की अजूनही अर्धवट उठते.

फळ्या निघाल्यामुळे सोप्यात दीड फूट जागाही निघाली. तिथे अंगणातली बाज परत आली आहे, म्हणजे बसणारा एकटा उंच राहत नाही. दिवाळीच्या रंगकामासाठी सगळे सामान एकदा पुन्हा बाहेर निघेल. भाऊबीजेला माझी बहीण येते, तेव्हा मधली जागा मोकळी करावी लागते. पाट मांडायचा, भोवती रांगोळी काढायची, आणि ओवाळून घ्यायला मला खालीच बसायचे असते. खुर्ची त्या दिवशी माजघराच्या दाराशी जाईल. आईला तिथून सगळे दिसते.